फाटा कुठे आहे? लांब पल्ल्याच्या मोटाररस्त्यांची गोष्ट

घोटावड्यात व्याख्यान आणि विषय मोटाररस्त्यांचा इतिहास, आणि तोही अमेरिकेपासून सुरू होणारा, हे ऐकून काही जणांना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने रस्त्यावर का बोलावं, असंही कुणी म्हणेल. पण आज मुळशी तालुक्यात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य रस्त्याचं असतं. मोजणी झाली का, गट नंबर लागला का, मोबदला काय मिळणार. या चर्चेत एक प्रश्न मात्र मागे पडतो, आणि आज आम्हाला तोच मांडायचा आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. घोटावडे हे पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातलं गाव. एका अंगाला माण आणि हिंजवडी, दुसऱ्या अंगाला पिरंगुट. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जो रस्ता जातो त्याच्यावर 'घोटावडे फाटा' आहे. गाव तिथून आत आहे, पण फाट्याला नाव गावाचं. हा 'फाटा' शब्द लक्षात ठेवा, आपण पुढे त्याच्याकडे येणार आहोत.

आधी व्याख्या करू, ती आमची जुनी सवय आहे. आपल्या न्यायशास्त्रात एखाद्या गोष्टीचं लक्षण सांगताना दोन मुख्य दोष टाळायचे असतात. शिंगं असतात ती गाय, असं म्हटलं तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. पांढरी असते ती गाय, म्हटलं तर तांबडी गाय सुटते. ही अव्याप्ती. आता रस्ता म्हणजे काय? डांबर असतं तो रस्ता, म्हटलं तर शंभर वर्षांपूर्वीचे बहुतेक रस्ते बाहेर पडतात. ज्यावरून जाता येतं तो रस्ता, म्हटलं तर बांध, पायवाट आणि उन्हाळ्यातलं कोरडं नदीपात्रही आत येतं.

लांब पल्ल्याच्या रस्त्याचं आमच्या मते लक्षण असं: परक्या माणसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाटेतल्या प्रत्येक गावात 'पुढची वाट कुठली हो' असं न विचारता जाता येतं, तो. म्हणजे या रस्त्यात दगडमातीइतकीच एक कबुली असते. शेकडो गावं, अनेक तालुके, अनेक सरकारं मान्य करतात की हा सगळा मिळून एक रस्ता आहे. ही कबुली होताना तीन प्रश्न सुटावे लागतात. पैसा कोणाचा? रस्ता वळणार कुठून? आणि त्या रस्त्यावर चढणार कोण? गेल्या दोनशे वर्षांत पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ डोकी चालली. तिसऱ्यावर कमी. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

सुरुवात आपल्या घाटापासून करू. मुंबई आणि पुणे या दोन शहरांमध्ये सह्याद्री आडवा आहे. माल बैलांच्या पाठीवरून जायचा, साहेबलोक पालखीतून जायचे. चाकाची गाडी सरळ पुण्याला यायची सोय नव्हती. १८३० साली १० नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि चाक घाट चढून वर आलं. पैसा सरकारचा, आणि वापरणाऱ्याकडून टोल. वळण कुठून, तर घाट जिथून चढू देईल तिथून. चढणार कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारणच नव्हतं. जो येईल तो. घाटाच्या पायथ्याचं गाव असो की माथ्यावरचं, बैलगाडी घेऊन आला, टोल दिला, की चढला.

पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि लांबचा प्रवास म्हणजे आगगाडी, हे आपल्या मनात पक्कं बसलं. लांबचा रस्ता मागे पडला. घोटावड्यासारख्या गावांना रस्ता हवा होता तो बाजारापर्यंत, फार तर स्टेशनापर्यंत. ही स्थिती मोटार येईपर्यंत राहिली. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतही जवळजवळ हेच चित्र होतं.

आता अमेरिकेत जाऊ. साल १९०३. होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी पन्नास डॉलरची पैज लावली की सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने जाऊन दाखवतो. सोबत सूअल क्रॉकर हा मेकॅनिक, आणि वाटेत घेतलेला बड नावाचा कुत्रा. विन्टन कंपनीची गाडी. २३ मेला निघाले, २६ जुलैला पोचले. सुमारे ६३ दिवस. तोच देश रेल्वेने तेव्हा काही दिवसांत ओलांडता येत होता! म्हणजे मोटार कमी पडत नव्हती, रस्ताच नव्हता. गावागावांचे रस्ते होते, ते शेतापासून स्टेशनापर्यंत जायचे आणि तिथे संपायचे. एका गावाचा रस्ता पुढच्या गावाच्या रस्त्याला मिळेलच, याची खात्री नव्हती. १९०९ मध्ये ॲलिस रॅम्सी यांनी उलट दिशेने, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, गाडी चालवत नेली. असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांना ५९ दिवस लागले. सहा वर्षांत मोटारी सुधारल्या, दिवस मात्र चारच कमी झाले.

मग पुढाकार घेतला मोटारींच्या धंद्यातल्या लोकांनी. कार्ल फिशर हे मोटारीच्या दिव्यांच्या व्यवसायातले गृहस्थ. त्यांनी १९१२ मध्ये कल्पना मांडली की समुद्रापासून समुद्रापर्यंत एकच रस्ता करू. पुढच्या वर्षी त्यासाठी संस्था स्थापन झाली, पॅकार्ड मोटार कंपनीचे हेन्री जॉय अध्यक्ष झाले आणि रस्त्याला नाव मिळालं लिंकन हायवे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत, सुमारे ३,४०० मैल.

पहिला प्रश्न पैशाचा. वर्गणी मागायला ते हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. फोर्ड यांनी नकार दिला. मोटारी सगळ्यात जास्त विकणारा माणूस म्हणतो, पैसे देत नाही! कंजूषपणा म्हणून सोडून देऊ नका, त्यामागे विचार होता. आज खासगी लोकांनी रस्ते बांधून दिले तर जनता उद्या सरकारच्या पैशातून रस्ते करायला शिकणारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फोर्ड यांचा पैसा आला नाही, सगळा रस्ता बांधण्याएवढी वर्गणी जमली नाही. मग संस्थेने काय केलं, तर बियाण्यासारखे तुकडे पेरले. 'सीडलिंग माइल' म्हणत त्याला. चिखलाच्या रस्त्याच्या मधोमध एक मैल सिमेंट काँक्रीटचा. त्यासाठी सिमेंट कंपन्या सिमेंट द्यायच्या. पहिला तुकडा १९१४ मध्ये इलिनॉय राज्यात माल्टा गावाजवळ झाला. चिखलातून आलेला माणूस एक मैल सुखाने जायचा आणि पुन्हा चिखलात उतरायचा. उतरला की म्हणायचा, हे पुढेही का नाही? आपल्याकडे निवडणुकीआधी एक पट्टा डांबरी होतो त्याची कुणाला आठवण झाली असेल तर तो दोष आमचा नाही.

दुसरा प्रश्न वळणाचा. इथे भांडणं झाली. रस्ता गावातून गेला तर हॉटेल चालेल, गॅरेज चालेल, पेट्रोल खपेल. प्रत्येक गावाला तो आपल्या चौकातून हवा. कोलोरॅडो राज्याला खूष ठेवायला १९१३ मध्ये एक फाटा तिकडे वळवला होता. १९१५ मध्ये तो नकाशातून काढला, कारण रस्ता थेट हवा होता. लिंकन हायवेची नक्कल करत देशभर नावांचे रस्ते निघाले. दोन-अडीचशे नावं झाली. खांबांवर रंगांचे पट्टे, एका खांबावर तीन-तीन रस्त्यांच्या खुणा. काही संस्था गावांकडून वर्गणी घ्यायच्या आणि त्याप्रमाणे रस्ता वळायचा. प्रवाशाला सोयीची वाट कुठली, यापेक्षा वर्गणी कुठून आली याला महत्त्व आलं.

म्हणून सरकार पुढे आलं. १९१६ मध्ये संघराज्याने रस्त्यांसाठी राज्यांना पैसा द्यायचा कायदा केला. १९१९ मध्ये ऑरेगॉन राज्याने पेट्रोलवर गॅलनला एक सेंट कर बसवला. अशा कराची ती पहिली सुरुवात. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्यालाही ६२ दिवस लागले. त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्याला विसरू नका. आणि १९२६ मध्ये नावं जाऊन नंबर आले. लिंकन हायवेचा मोठा भाग ३० नंबरचा रस्ता झाला. नावाच्या मागे संस्था असायची, नंबराच्या मागे सरकार आलं.

आता परत आपल्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत मोटारी आल्या. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चाचणी-दौड झाली. अमेरिकेत पैज, इथे दौड. उद्देश एकच, गाडी लांब टिकते का हे बघणं. पण अमेरिकेसारखी रस्त्यांसाठी वर्गणी काढणारी चळवळ आपल्याकडे उभी राहिली नाही. मोटारी होत्या संस्थानिकांकडे, साहेबांकडे आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे. रेल्वेत सरकारचा पैसा गुंतलेला, तिला रस्त्याने स्पर्धा करावी हे सरकारला नको. आणि १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते गेले प्रांतांकडे, प्रांतांनी बरेचसे टाकले लोकल बोर्डांकडे, आणि लोकल बोर्डांकडे पैसा नव्हता. 'हा सगळा मिळून एक रस्ता' असं म्हणणारं कुणी उरलंच नाही.

इथे एक मराठी माणूस येतो. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांनी जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवल्या असतील. ते मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, बॅरिस्टर, राजकारणातले मध्यस्थ. १९२७ मध्ये रस्त्यांच्या विकासासाठी जी समिती नेमली गेली तिचे ते अध्यक्ष होते. जयकर समिती म्हणूनच ती ओळखली जाते. १९२८ मध्ये अहवाल आला. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत सांगतो: रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, तो आता राष्ट्रीय हिताचा विषय आहे, मध्यवर्ती सरकारने त्यात भार उचलावा. पैसा कुठून? पेट्रोलवर गॅलनला दोन आणे जादा कर, आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवायचा. मार्च १९२९ पासून तो निधी सुरू झाला. आज पेट्रोल पंपावर आपण जो रस्त्यांचा उपकर भरतो त्याची वंशावळ इथपर्यंत जाते. समितीच्याच सूचनेतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ता किती रुंद, वळण किती, याची मानकं आजही ती ठरवते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण त्यात एक मेख होती. निधीचा मोठा भाग प्रांतांना वाटला जायचा तो पेट्रोल किती खपलं त्या प्रमाणात. हिशेबाला हे चोख आहे, ज्याने भरलं त्याला मिळालं. पण बैल पेट्रोल पीत नाही. ज्या मुलखात मोटारी होत्या तिथे पैसा जाणार, आणि जिथे रस्ता नसल्यामुळे मोटार येत नव्हती तिथे तो जाणार नाही. ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी द्यावं, असा तो न्याय झाला.

याला उत्तर आलं नागपुरातून. १९४३ च्या डिसेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. त्यातून निघाली ती नागपूर योजना. वीस वर्षांची योजना, आणि तिने रस्त्यांची एक उतरंड लावून दिली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते. आज आपण हे शब्द इतके सहज वापरतो की ते कुणीतरी एका खोलीत बसून ठरवले, हे लक्षातच येत नाही. आणि उद्दिष्ट काय, तर शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा, म्हणजे आठ किलोमीटरपेक्षा, जास्त लांब असू नये.

आम्हाला नागपूर योजना महत्त्वाची वाटते ती या एका वाक्यासाठी. इथे रस्ता मोजायची पट्टीच बदलली. अमेरिकेतली पट्टी होती, एका समुद्रापासून दुसरा समुद्र किती दिवसांत. नागपूरने विचारलं, गावापासून रस्ता किती लांब. म्हणजे मोजायला सुरुवात गावापासून केली. मोठा रस्ता आणि गावरस्ता एकाच आराखड्यात बसवले, आणि ते जिथे मिळतात ती जागा, म्हणजे आपला फाटा, योजनेचा भाग झाली. २००० साली सुरू झालेली पंतप्रधान ग्रामसडक योजना हेच सूत्र पुढे नेते.

राष्ट्रीय महामार्ग १९४७ च्या एप्रिलपासून केंद्राच्या ताब्यात गेले. मुंबई-पुणे रस्ता पुढे चार नंबरच्या महामार्गाचा भाग झाला. त्या जुन्या महामार्गाची चाल आठवा. वडगाव आहे, कामशेत आहे, लोणावळा आहे. प्रत्येक गावाला फाटा, फाट्यावर चहाची टपरी, टपरीशेजारी पंक्चरवाला, एस.टी.ची वाट बघणारी माणसं. लांबच्या गाडीचा वेग त्यामुळे कमी व्हायचा, अपघातही व्हायचे. पण रस्ता मुंबईचा आणि पुण्याचा होता तितकाच कामशेतचाही होता.

आता तो तरुण अधिकारी आठवा. आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५६ मध्ये त्यांनी इंटरस्टेट रस्त्यांच्या कायद्यावर सही केली. हे रस्ते वेगळ्या जातीचे. त्यांवर वाटेल तिथून चढता येत नाही, ठरलेल्या जागीच चढायचं आणि उतरायचं. जुन्या रस्त्यावरची कित्येक गावं यामुळे ओस पडली. प्रसिद्ध ६६ नंबरचा रस्ता १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढून टाकला गेला. एकेकाळी रस्ता आपल्या चौकातून जावा म्हणून भांडलेल्या गावांना कळलं की आता रस्ता शेजारून जातो आणि तरी आपला नसतो.

तीच जात आपल्याकडे आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सुमारे ९५ किलोमीटर, २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. दोन्हींवर दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी, बैलगाडी तर विसराच. १९४३ मध्ये नागपुरातून गावाला रस्ता जोडणारी योजना निघाली, आणि त्याच नागपुरातून निघालेला आजचा सगळ्यात मोठा रस्ता वाटेतल्या बहुतेक गावांना कुंपणाआडून दिसतो.

याला कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. ताशी शंभर किलोमीटरने येणाऱ्या ट्रकसमोर अचानक बैल, मूल किंवा मोटारसायकल आली तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वेगवान रस्त्याला बंदिस्त करणं म्हणजे माणसं वाचवणं आहे. तेव्हा 'कुंपण काढा' हे उत्तर नव्हे. पण कुंपण घालताना आत कोण आणि बाहेर कोण, बाहेरच्याने पलीकडे जायचं कसं, हे कुणी ठरवलं आणि कधी ठरवलं, हा प्रश्न उरतोच.

आणि म्हणून घोटावडे. पुण्याभोवतीच्या चक्राकार मार्गाचा, म्हणजे रिंगरोडचा, पश्चिम भाग मावळातल्या उर्स्यापासून मुळशी तालुक्यातून दक्षिणेकडे जातो. रुंदी ११० मीटर. हे मीटर डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाला ओळखणार नाही. मुळशीला भूसंपादन नवं नाही. धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली याच तालुक्यात सत्याग्रह झाला. त्यामुळे जमिनीचा भाव, मोबदला, सातबारा याबद्दल इथला माणूस जागरूक आहे आणि असायलाच हवा.

पण मोबदला हा पहिल्या प्रश्नाचा भाग झाला, पैशाचा. कोणाचा गट जाणार हा दुसऱ्याचा, वळणाचा. तिसरा प्रश्न विचारायला माणसं मोबदल्याचा धनादेश आल्यावर उठतात, आणि तोपर्यंत आराखडा पक्का झालेला असतो. पैसा एकदा मिळतो. वाट मात्र नातवंडांनाही लागणार असते.

तेव्हा आमची विनंती आहे की रस्ता कुठूनही जात असो, ज्या गावाजवळून तो जाणार त्या गावाने ग्रामसभेत चार गोष्टी लेखी विचाराव्यात. एक, आमच्या सर्वांत जवळचं चढायचं-उतरायचं ठिकाण किती किलोमीटरवर आहे? दोन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सेवारस्ता आहे का, आणि तो सलग आहे की मध्येच ओढ्यापाशी संपतो? तीन, ज्याचं घर अलीकडे आणि शेत पलीकडे राहणार, त्याच्यासाठी भुयारी वाट कुठे आहे, आणि तिची उंची वैरणीने भरलेला ट्रॅक्टर जाईल एवढी आहे का? चार, पावसाळ्यात त्या भुयारी वाटेत पाणी साचलं तर उपसायची जबाबदारी कोणाची? मुळशीचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हा चौथा प्रश्न किरकोळ वाटणार नाही.

हे प्रश्न विरोधाचे नाहीत. रस्ता हवा असणाऱ्यानेही ते विचारायचे आहेत, किंबहुना त्याने आधी विचारायचे आहेत. नागपूरची परिषद अभियंत्यांची होती, तिथे शेतकरी बसला नव्हता, तरी तिने गावापासून मोजायला सुरुवात केली. आज ग्रामसभा आहे, हरकत नोंदवायची मुदत असते, माहितीचा अधिकार आहे. गावापासून मोजायचं काम आता गावानेच करायचं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. ज्यांच्याकडे मोजणीचा नकाशा आला असेल त्यांनी तो घेऊन पुढे यावं. आपण मिळून त्यावर फाटा कुठे आहे ते शोधू.